थंडीत सकाळी ट्रक लागत नाही: पार्ट बदलण्याआधी काय बघायचं

थंडी पडली की माझा ट्रक सकाळी रुसायचा. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, २४ व्होल्टची वायरिंग, साधा इनलाइन डिझेल पंप. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, बिघडायला फारसं काही नाहीच असं वाटावं अशी गाडी. उन्हाळ्यात अर्ध्या सेल्फला (स्टार्टर मोटरच्या फेरीला) लागायची. पारा ७-८ अंशांच्या खाली गेला की मात्र पाच-सहा वेळा सेल्फ, मग एक सिलिंडर बोलायचा, मग दोन, पांढऱ्या धुराचा लोट, आणि कशीबशी चालू. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. बंद करा, तासाभराने लावा, चटकन लागायची. गॅरेजला न्यावं तर तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम आणि गाडी एकदम साळसूद. फिटर दोनदा सेल्फ मारून बघणार आणि म्हणणार, "कुठे काय, लागतेय की!"

या दुखण्याची मेख तीच आहे. पुरावा असतो तो फक्त सकाळी, पहिल्या सेल्फच्या आधी आणि त्या पहिल्या वीसेक सेकंदांत. नंतर डिझेल नळ्यांत भरतं, सिलिंडर कोमट होतात, अल्टरनेटर बॅटरीला पाजतो, आणि शोधायला काही उरत नाही. मी पहिल्या हिवाळ्यात एक बॅटरी बदलली, सेल्फ उघडून बुश आणि कार्बन ब्रश टाकले, डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टिंगला दिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसऱ्या हिवाळ्यात खरी कारणं सापडली. ती दोन होती, आणि त्यातलं एक मीच करून ठेवलेलं होतं.

तेव्हा सुरुवातीला एवढंच करा: दोन-तीन सकाळी नुसतं टिपून ठेवा. बाहेर किती गारठा होता, टाकीत डिझेल किती होतं, गाडी चढाला उभी होती की उताराला, सेल्फ जड फिरला की नेहमीसारखा, सायलेन्सरमधून धूर आला का, आला तर कितव्या सेल्फला, आणि लागल्यावर पुन्हा बंद पडली का. मोबाइलवर सायलेन्सरचा व्हिडिओ काढून ठेवलात तर फारच चांगलं, कारण तुम्ही केबिनमध्ये असता आणि धूर मागे असतो. टाकीतलं डिझेल आणि गाडीचा चढ-उतार यांचा काय संबंध, असं वाटेल. माझं कोडं त्यावरच सुटलं. ते पुढे येईलच.

थंडीत नेमकं कुठे अडतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. डिझेल साधारण २१० ते २५० अंश सेल्सिअसला स्वतःहून पेट घेतं आणि चालू इंजिनात दाबलेली हवा ५०० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे एरवी मधे भरपूर मोकळीक असते. थंडी ही मोकळीक चारी बाजूंनी कुरतडते. आत येणारी हवाच गार. सिलिंडरचं लोखंड गार, ते दाबलेल्या हवेतली उष्णता ओढून घेतं. ऑइल घट्ट, म्हणून सेल्फ हळू. आणि सेल्फ हळू म्हणजे दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ. त्यात बॅटरीचा जोर नेमका तेव्हाच कमी होतो: पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरीही शून्य अंशाला ढोबळमानाने दोन-तृतीयांश जोर देते आणि उणे १८ ला निम्म्याच्या आसपास.

त्यामुळे थंडीत न लागणाऱ्या गाडीत एक गोष्ट ठार मेलेली असेलच असं नाही. बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी थोड्या थोड्या कमजोर असतात. उन्हाळ्यात ते खपून जातं.

आधी कान: सेल्फ कसा फिरतोय

डिझेल पेटायला इंजिन मिनिटाला साधारण दीडशे ते अडीचशे फेऱ्यांनी फिरावं लागतं. शंभराच्या खाली गेलं तर बाकी सगळं ठीक असूनही काही खरं नाही. आकडा मोजायची गरज नाही. स्वतःच्या गाडीचा सेल्फ गरम इंजिनवर कसा वाजतो ते कानात असतंच. सकाळी तो 'घुर्रर्र' ऐवजी 'घुं… घुं… घुं…' करत असेल तर डिझेलकडे नंतर बघा, आधी वीज.

मल्टिमीटर लागेल, बाकी काही नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज सकाळी, चावीला हात लावण्याआधी बघा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ व्होल्ट करतात. तिथे दोन्हींचा मिळून आकडा घेऊन थांबू नका. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. माझ्याकडे एकत्र २५.० यायचे, ठीक वाटायचं. वेगळं मोजल्यावर एक १२.७ आणि दुसरी १२.३. नवी बॅटरी जुन्याच्या जोडीला बांधल्याचा हा परिणाम. मालिकेत जोडल्यावर दोघींतून करंट सारखाच जातो, पण चार्जिंगचे २८ व्होल्ट दोघी सारखे वाटून घेत नाहीत. एक जास्त भरत राहते, दुसरी उपाशी राहते. पैसे वाचवायला एकच बॅटरी बदलली होती, पुढच्या हिवाळ्यात दोन्ही घ्याव्या लागल्या. जोडी नेहमी जोडीनेच बदला, एकाच कंपनीची आणि एकाच क्षमतेची.

नुसता उभ्या गाडीचा व्होल्टेज फसवतो, म्हणून दुसरं माप सेल्फ मारताना. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलेली आहे. टोपण उघडणाऱ्या बॅटऱ्यांत हायड्रोमीटरने प्रत्येक खण तपासा. भरलेल्या खणात ॲसिडची ग्रॅव्हिटी १.२६५ च्या आसपास असते, आणि एखादा खण बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी चार्जिंगला लावून उपयोग नाही.

आकडा टिकून आहे तरी सेल्फ जडच? मग वीज वाटेत अडतेय. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळी तार सेल्फच्या जाड बोल्टवर. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा त्या दोघांच्या मधेच असतो. सेल्फ फिरत असताना १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा, २४ च्या गाडीत एक व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर केबल, लग (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) किंवा कटऑफ स्विच यांपैकी काहीतरी वीज खातंय. असंच माप बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत घ्या. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने बसवलेली असते तिथे रंग, गंज आणि चिखल यांची खपली धरते. केबल वरून धडधाकट दिसते. लगजवळचं रबर दोन बोटांत दाबून बघा. आत कुरकुर वाजलं तर तांब्याचा हिरवा भुगा झालेला आहे.

एक साधी सवय: सकाळी क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळण्याचं ओझं सेल्फवरून उतरतं. फरक कानाला कळतो.

मग डोळा: सेल्फ मारताना धूर आहे का

सेल्फ नीट फिरतोय पण गाडी लागत नाही, असं असेल तर आता सायलेन्सरकडे बघा.

पांढरा किंवा राखाडी, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, नोझल फवारतायत, पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडतेय: हीटर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टायमिंग (फवारण्याची वेळ) किंवा नोझलचा फवारा.

धूरच नाही, सायलेन्सर कोरडा ठणठणीत, म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. अशा वेळी हीटर प्लग बदलणं म्हणजे चुलीत लाकूड नसताना काड्या ओढणं. टाकीपासून पंपापर्यंत बघा. साध्या पंपाच्या गाडीत इंजिन बंद करायला डिझेल तोडणारी स्टॉप केबल किंवा स्टॉप सोलेनॉइड पूर्ण मागे आलाय का तेही पाहा. गारठ्यात केबलमधलं ग्रीस घट्ट होतं आणि लिव्हर अर्ध्यावरच थांबतो. बोनेट उघडून हाताने लिव्हर ढकलून बघायला दहा सेकंद लागतात.

माझ्या गाडीत पहिले तीन सेल्फ धूर नसायचा, चौथ्याला येऊ लागायचा. हे मी व्हिडिओत बघितलं तेव्हा उमगलं की वर्षभर चुकीच्या टोकाला खपत होतो.

रात्रीत डिझेल उतरणं

या एका कारणावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ते फार आढळतं आणि फार हुकतं.

टाकी खाली असते, डिझेल पंप वर. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) नळी ही ओढणारी बाजू. तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून कुठे ओल दिसत नाही, डाग पडत नाही आणि कुणाला संशय येत नाही. इंजिन चालू असताना पंप जोरात ओढत असतो, चार बुडबुडे आले तरी परतीच्या नळीने निघून जातात. रात्री मात्र त्याच फटीतून हवा हळूहळू शिरते आणि नळीतलं डिझेल आपल्या वजनाने टाकीत परत उतरतं. सकाळी सेल्फला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. मग थंडीशी याचा काय संबंध? रबर गारठलं की कडक होतं, आक्रसतं, आणि उन्हाळ्यात घट्ट बसणारी रिंग हिवाळ्यात जागा सोडते. शिवाय उन्हाळ्यात सेल्फ जोमात फिरतो, नळी पटकन भरते, कुणाच्या लक्षात येत नाही.

ओळखायच्या खुणा अशा. टाकी अर्ध्याच्या वर असली की सकाळी गाडी बरी लागते, पाव टाकीवर त्रास देते, कारण डिझेलची पातळी वर असली की उतरायला वाव कमी. टाकी इंजिनच्या मागे असलेली गाडी नाक चढाला करून उभी केली की त्रास, उताराला केली की नाही. किंवा गाडी पहिल्याच सेल्फला लागते, दहा-पंधरा सेकंद चालते आणि आचके देऊन बंद पडते: पंपात उरलेल्या डिझेलवर ती लागलेली असते, मागून हवेचा गोळा आला की मरते.

पडताळा हँड प्रायमरने, म्हणजे हाताने डिझेल भरायच्या पंपाने करा. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचं बटण मोकळं करून दाबत जा. नळी भरलेली असेल तर दोन-तीन दाबांतच हाताला घट्ट लागतं. माझ्याकडे पहिले पंधरा दाब अगदी पोकळ गेले, जणू सायकलच्या पंपाला नळीच जोडलेली नाही. सोळाव्या-सतराव्याला जड होऊ लागला. बटण बसवलं, वर जाऊन चावी फिरवली, पहिल्या सेल्फला गाडी चालू. ६ अंशांत. खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, तिसऱ्या दिवशी मुद्दाम केलं नाही. तिसऱ्या दिवशी परत जुनं गाणं.

डिझेल उतरतं हे ठरलं, आता फट कुठे आहे ते शोधायचं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, डिझेलला चालणारी, आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले तर फट त्या नळीच्या आणि टाकीच्या मधे. बुडबुडे नाहीत आणि रात्रीत तरीही उतरतंय, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, प्रायमरची सील किंवा पुढचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. आणखी एक खात्रीची युक्ती: टाकीची नळी सोडून फीड पंपाला स्वच्छ डिझेलचा छोटा डबा जोडायचा, डबा पंपापेक्षा उंच ठेवायचा, आणि गाडी रात्रभर तशीच. सकाळी चटकन लागली तर टाकीकडची नळीच दोषी. डबा उघडा ठेवू नका, आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

माझ्याकडे दोष निघाला वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीखालच्या रबरी रिंगमध्ये. आदल्या सर्व्हिसला फिल्टर नवा बसला होता आणि रिंग जुनीच राहिली होती. नवी रिंग फिल्टरच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या खाली चिकटून असते, घाईत ती खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. काढलेली जुनी रिंग एका बाजूने चपटी होऊन चौकोनी झाली होती, वाकवली तर वायरच्या सालीसारखी ताठ. रिंग बदलली, बँजो बोल्टांचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) कॉपर वॉशर बदलले, एअर काढली. कॉपर वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तसा बसत नाही, तेव्हा तो पुसून परत लावू नका.

गोठलेलं डिझेल

डिझेलमध्ये मेण असतं. गारठा वाढला की आधी ते धुरकट होतं, मग मेणाचे कण फिल्टरवर बसतात, आणि शेवटी सगळंच घट्ट होतं. उन्हाळी प्रतीचं डिझेल शून्य अंशाच्या आसपासही त्रास देऊ शकतं. म्हणून गरम भागात टाकी भरून थंड भागात जाणारे हमखास यात सापडतात. इथे खूण उलटी असते: गाडी सकाळी लागते, थोडं अंतर जाते आणि मग दम टाकते, कारण फिल्टरवर मेण साचायला तेवढा वेळ लागतो.

शंका असेल तर त्याच टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर गाडीजवळ उघड्यावर ठेवा. सकाळी बाटलीतलं डिझेल स्वच्छ असेल तर मेणाचा विषय बंद. ढगाळ असेल, तळाशी पांढुरका थर असेल, तर उत्तर हातात आहे. तळाशी वेगळा थेंब लोळताना दिसला तर ते पाणी. पाणी सेपरेटरमध्ये गोठून वाट अडवतं. ते संध्याकाळी, गोठण्याआधी, खालचा नट सैल करून काढून टाका.

डिझेल पातळ ठेवणारी औषधं मेण तयार होण्याआधी टाकायची असतात. जमलेलं मेण ती बहुतेक विरघळवत नाहीत. रॉकेल मिसळायची जुनी सवय साध्या पंपाला एक वेळ चालून गेली असेल. कॉमन रेलच्या (नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या यंत्रणेच्या) पंपाला डिझेलच्याच वंगणावर जगायचं असतं, तिथे ती महागात पडते. पेट्रोल तर कुठेच नको.

धूर आहे, पण पेटत नाही: हीटर

छोट्या आणि मध्यम डिझेल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग असतो. त्याचं टोक काही सेकंदांत ८०० ते १००० अंशांपर्यंत लाल होतं. मोठ्या ट्रकांत बहुधा प्लग नसतात. तिथे हवेच्या वाटेत तापणारी जाळी असते किंवा ज्योतीचा हीटर, आणि माझ्यासारख्या कित्येक जुन्या गाड्यांत यातलं काहीच नसतं. आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघा. नसलेले प्लग शोधत बसलेला माणूस मी बघितलाय.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला आणि विझला म्हणजे प्लग तापले, असं नाही. दिवा टायमरचं ऐकतो, प्लग जळालेत की नाही हे बहुतेक जुन्या गाड्यांत त्याला माहीतच नसतं. चावी फिरवून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज आहे का बघा. नसेल तर फ्यूज किंवा रिले. असेल तर पट्टी सोडून एकेक प्लग मल्टिमीटरने ओहमवर मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला अनंत दाखवतो. चारपैकी एक गेला असेल तर गाडी लागते, पण पहिलं मिनिटभर लंगडते आणि धूर सोडते. दोन गेले की सेल्फ लांबतो. बॅटरीच्या तारा थेट लावून प्लग लाल होतो का बघण्याची पद्धत नव्या प्लगांवर करू नका. त्यांतले बरेच ४ ते ७ व्होल्टचे असतात आणि १२ व्होल्टला क्षणात जळतात. प्लग काढायचे तर कोमट इंजिनवर, गंजाचं तेल आदल्या दिवशी सोडून, हलक्या हाताने. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

जाळीचा हीटर असेल तर चावी फिरवल्यावर 'टक्' वाजतं आणि हेडलाइट स्पष्ट मंद होतात, कारण तो शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढतो. लाइट हललेच नाहीत तर रिले किंवा जाड वायर बघा.

सेन्सरवाल्या गाड्या

कॉमन रेल गाडीत आणखी एक चोर असतो: पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो सकाळी "इंजिन ७० अंशांवर आहे" असं खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटर हीटर लावत नाही आणि डिझेलही गरम इंजिनाच्या हिशोबाने देतो. पकडायची पद्धत फार सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा, इंजिन चालू न करता. पाणी, आत येणारी हवा आणि डिझेल, तिन्हींचं तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखंच असलं पाहिजे. एखादा आकडा फटकून असेल तर तो सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर.

तोच स्कॅनर सेल्फ मारताना रेलचं प्रेशर दाखवेल. बहुतेक यंत्रणांत ते दीडशे ते अडीचशे बारच्या पुढे गेल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. मात्र एक भेद लक्षात ठेवा. इंजेक्टर झिजून परतीच्या वाटेने डिझेल जास्त सोडत असतील तर त्रास सहसा गरम इंजिनवर जास्त होतो, कारण गरम डिझेल पातळ असतं. गाडी गरम असताना झटकन लागते आणि फक्त गारठ्यात अडते, तर महागडा इंजेक्टर संच काढायची घाई करू नका.

ऑइल आणि कॉम्प्रेशन

ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीचा. सेल्फला फिरवता येईल एवढं पातळ राहण्याची कसोटी १५डब्ल्यू ला उणे २० अंशांवर लावतात, १०डब्ल्यू ला उणे २५ वर आणि ५डब्ल्यू ला उणे ३० वर. सौम्य हिवाळ्यात १५डब्ल्यू चालतं. पारा रोज शून्याखाली जात असेल तर कंपनीच्या पुस्तकात परवानगी असलेलं पातळ ऑइल घाला. मुदत उलटलेलं, काजळीने घट्ट झालेलं ऑइल डब्यावरचा आकडा पाळत नाही.

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी पांढरा धूर, तर कॉम्प्रेशन मोजा, आणि मोजायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची फट) बघा. व्हॉल्व्हची फट फार कमी झाली की तो पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. रिंगा, लायनर खूप नंतर. ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर चालू इंजिनातून जोराचे भपकारे येत असतील आणि ऑइलही संपत असेल तरच तिकडे वळा.

हे करू नका

सेल्फ सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त नको. मधे दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जाईल.

स्टार्टिंग स्प्रे, म्हणजे ईथर, हीटर प्लग किंवा जाळी असलेल्या गाडीत अजिबात मारू नका. तापलेल्या तारेवर ते हवेच्या वाटेतच भडकतं. हीटर नसलेल्या गाडीतही जास्त झालं तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो आणि रिंगांच्या खाचा तुटतात. "इंजिनाला स्प्रेची सवय लागते" म्हणतात ते सवयीमुळे नव्हे. आधीच कमजोर इंजिन प्रत्येक फवाऱ्याला आणखी मोडतं, एवढंच.

चेंबरखाली (इंजिनाच्या ऑइलच्या भांड्याखाली) किंवा टाकीखाली जाळ करू नका. सांगायची गरज पडू नये, पण अजून करतात. एअर ब्रेकची गाडी ओढून सुरू करायला जाऊ नका. हवेच्या टाकीत हवा नसेल तर मागचे स्प्रिंग ब्रेक लागलेलेच असतात आणि चाकं फरफटतात. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. तिच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंप केबल लावू नका, ती फुटते.

गॅरेजला द्यायची वेळ आलीच तर गाडी संध्याकाळी नेऊन लावा आणि चावी हातात देताना सांगा, सकाळी मी येईपर्यंत कुणी सेल्फ मारायचा नाही. माझी गाडी आता ५-६ अंशांत पहिल्या, फार तर दुसऱ्या सेल्फला लागते. सुरुवातीला अर्धा मिनिट अजून एक सिलिंडर अडखळतो आणि हलका पांढरा धूर येतो. टॅपेट शेवटचे कधी बघितले होते ते आठवत नाही. या रविवारी इंजिन गार असतानाच झाकण उघडणार आहे.